हिवाळ्यात कुत्र्याची कोरडी त्वचा आणि खाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटून सकाळी गारवा जाणवायला लागला की कुत्री पाळणाऱ्या घरांमधून एकच तक्रार ऐकू येते: अंगावर कोंडा दिसतोय आणि सारखा खाजवतोय. अशा वेळी लोक जे विचारतात ते इथे उत्तरांसह एकत्र केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते. थंडीने आलेला साधा कोरडेपणा वेगळा आणि रात्रभर झोपू न देणारी खाज वेगळी. या दोन्हींना एकच समजून महिनाभर तेल चोळत बसलं की कुत्र्याचे हाल वाढतात.

हिवाळ्यातच त्वचा कोरडी का पडते?

कुत्र्याची त्वचा दिसते त्यापेक्षा फार नाजूक असते. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात, कुत्र्याच्या केसाळ भागात जेमतेम ३ ते ५. या पेशींच्या मधली स्निग्ध द्रव्यं आतलं पाणी धरून ठेवतात. हवा कोरडी झाली की ते पाणी लवकर उडतं, वरचे थर सुटायला लागतात आणि त्यांचाच कोंडा होतो.

नाशिक-निफाडकडे, पुण्यात, मराठवाड्यात, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत दुपारची हवा खरंच कोरडी असते, त्यामुळे तिथे थोडा कोंडा होणं समजण्यासारखं आहे. पण रत्नागिरीत किंवा पणजीत किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरून खवले पडत असतील तर हवेला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासा. तिथे थंडीतही हवेत ओल असते.

माझ्या मते आपल्याकडे थंडीपेक्षा आपणच जास्त त्रास देतो. गिझरचं कढत पाणी, दर रविवारी शाम्पू, खोलीत चालू ठेवलेला हीटर आणि वर्षभर दूध-पोळी. यातलं एकेक सुधारलं तरी बहुतेक कोरडेपणा आटोक्यात येतो.

साधा कोरडेपणा आहे की दुसरा आजार, हे घरी कसं ओळखायचं?

सकाळी दहा-अकराच्या उन्हात त्याला घेऊन बसा. केस उलट्या दिशेने फिरवून भांग पाडा आणि खालची कातडी बघत जा. शेपटीचं मूळ, पाठीचा मागचा भाग, कोपर, कानांच्या कडा, काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या अजिबात सोडू नका.

बारीक, पांढरा, सुका कोंडा आहे; खालच्या कातडीचा रंग नेहमीसारखा आहे; केस गळून टक्कल पडलेलं नाही; वास नाही; अधूनमधून खाजवतो पण खातो-पितो, खेळतो, रात्री शांत झोपतो. असं असेल तर बहुधा साधा कोरडेपणा आहे आणि पुढचे घरगुती उपाय करून बघायला हरकत नाही.

शेपटीच्या मुळाशी काळे बारीक कण दिसले तर पांढरा कागदी रुमाल ओला करून त्यावर ते झटका आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर लाल उतरत नाही. पिसू प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असं नाही, ती फार चपळ असते. तिच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याच चाव्यांनी कमरेवरची कातडी कुरतडून काढायची वेळ येते.

कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. त्याचा मागचा पाय त्याच बाजूला आपोआप खाजवायला लागला, आणि कोपरांवर, कानाच्या कडांवर खपल्या असतील, तर खरजेचा संशय घ्या. या चाचणीने निदान पक्कं होत नाही, पण डॉक्टरही ती करतात. घरात कोणाच्या हातावर किंवा पोटावर खाजणाऱ्या पुळ्या आल्या असतील तर संशय आणखी वाढतो, कारण कुत्र्याची खरूज माणसालाही त्रास देते.

कोंडा काळ्या कागदावर झटकून भिंगातून बघा. कण हलत असतील तर तो कोंडा नसून त्यात किडे आहेत. हे बारीक किडे पाठीवर राहतात आणि दिसायला हुबेहूब कोंड्यासारखे असतात.

पंजे सतत चाटणं, चाटून पांढरे केस तांबूस होणं, कान वारंवार बिघडणं, पोट आणि तोंडाभोवती लाली येणं, यामागे ॲलर्जी असू शकते. चिकट, तेलकट कातडी, आंबूस वास आणि काळवंडून जाड झालेली त्वचा असेल तर यीस्टचा, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचा, संसर्ग असू शकतो. गोल टक्कल आणि कडेला खवले दिसले तर गजकर्ण असू शकतं, ते मुलांना पटकन लागतं. कुत्रा मध्यमवयीन असेल, तेवढंच खाऊन वजन वाढत असेल, सुस्तावला असेल, केस निस्तेज होऊन शेपटीवरून गळत असतील आणि खाज मात्र फारशी नसेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या.

थंडीत अंघोळ किती दिवसांनी घालावी?

निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर ते सांगतील तसं.

किती वेळा घालावी याहून ती कशी घालावी हे जास्त महत्त्वाचं आहे. आधी विंचरून गुंता आणि सुटे केस काढा. पाणी कोमट, मनगटावर ओतलं तर गरम न वाटणारं. शाम्पू थेट पाठीवर ओतू नका, मगभर पाण्यात विरघळवून घ्या. चोळायचं ते केसांच्या दिशेने, नखं न लावता. ओट्सचा किंवा औषधी शाम्पू असेल तर ५ ते १० मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो, नाहीतर तो काम करायच्या आधीच वाहून जातो. मग हाताला लागणारा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. काखेत, जांघेत आणि छातीखाली शाम्पू राहून जातो आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा नेमका तिथेच खाजवतो.

टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या केसांखाली दाट मऊ लव असते. वरून कोरडा वाटला तरी ती तासन्‌तास ओली राहते आणि त्या ओलीखाली एका रात्रीत लालबुंद, चिघळलेला चट्टा उठू शकतो. म्हणून कमरेवरचे केस बोटांनी बाजूला करून मुळाशी हात लावून बघा. ड्रायर वापरलात तर थंड हवेवर, हातभर अंतरावरून. अंघोळ सकाळी उन्हं वर आल्यावरच घाला, संध्याकाळी नको.

अंग दमट असतानाच कुत्र्यांसाठीचा कंडिशनर किंवा मॉइश्चरायझर स्प्रे मारला तर कोरडेपणावर सगळ्यात चांगला गुण येतो. सिरामाइड, म्हणजे त्वचेत असतं तसलं स्निग्ध द्रव्य, असलेले स्प्रे मिळतात, ते शाम्पूपेक्षा महाग असले तरी पैसे त्यावरच घाला.

आमचा किंवा बाळाचा शाम्पू चालेल का?

नको. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५.५. कुत्र्याचा उदासीनाच्या जवळ, ७ च्या आसपास. बाळाचा शाम्पू डोळ्यांना झोंबत नाही म्हणून कुत्र्याच्या कातडीला मानवतो असं नाही. कपड्यांचा किंवा अंगाचा साबण तर अजिबात नको.

ओट्सचं पाणी घरी करता येतं का?

येतं, आणि साध्या खाजेला खरंच आराम पडतो. साधे ओट्स घ्या, मसाला किंवा गोडवा घातलेले नकोत. मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि बोटांना गुळगुळीत लागलं तर जमलं; पीठ तळाशी बसलं तर पुन्हा दळा. असं दोन मूठ पीठ अर्ध्या बादली कोमट पाण्यात कालवून अंगावर हळूहळू ओता, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. जखम असेल, कातडी ओलसर चिघळली असेल किंवा यीस्टचा वास येत असेल तर हे करू नका.

खोबरेल तेल लावू का?

अंगभर नको. तेलाने कातडीचा बिघडलेला थर दुरुस्त होत नाही, वरवर चमक येते. त्यावर धूळ बसते, कुत्रा ते चाटून काढतो आणि जास्त पोटात गेलं की जुलाब होतात. मग तेल काढायला पुन्हा शाम्पू, म्हणजे पुन्हा कोरडेपणा. यीस्ट असेल तर तेलकटपणात ते फोफावतं. कोपरावरच्या राठ घट्ट्यावर, नाकावर किंवा पंजाच्या गादीवर बोटाच्या टोकाएवढं लावायला हरकत नाही. मोहरीचं तेल कुठेच नको, त्याने आग होते.

कडुनिंब, हळद, कापूर, डिझेल?

कडुनिंबाची पानं उकळून गार केलेल्या पाण्याने सहसा अपाय होत नाही, पण खरूज त्याने जात नाही. कडुनिंबाचं कच्चं तेल जळजळ करतं आणि चाटलं की उलट्या होतात. कापूर विषारी आहे. टी ट्री ऑइलही तसंच. त्याचे काही थेंब अंगावर घातल्याने कुत्री अडखळायला, थरथरायला लागतात. फिनेल आणि घरातली जंतुनाशकं पातळ करूनसुद्धा अंगाला लावू नका.

जळकं ऑइल, डिझेल आणि रॉकेल याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण गावाकडे लूत भरलेल्या कुत्र्यावर ते आजही सर्रास ओततात. ते कातडी भाजतं, कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातं, यकृत-मूत्रपिंड बिघडवतं. किडे कातडीच्या आत बिळं करून असतात, त्यांच्यापर्यंत ते नीट पोचतही नाही. खरजेवर आज तोंडावाटे देण्याची सोपी, परिणामकारक औषधं आहेत. जिवंत प्राण्यावर इंधन ओतायचं काहीही कारण उरलेलं नाही.

खाण्यात काय बदल करावा?

इथे आपल्या घरांमध्ये सुधारणेला सगळ्यात जास्त वाव आहे. दूध-पोळी, दूध-भात, वरण-भात यावर कुत्रा जगतो, पण त्याची कातडी त्यावर नीट राहत नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात, त्वचेला लागणारी मेदाम्लं कमी पडतात आणि गव्हातलं फायटेट जस्ताचं शोषण रोखतं. केस आणि त्वचा मुख्यतः प्रथिनांचीच बनतात, त्यामुळे ती कमी पडली की आधी तिथेच दिसतं. शिवाय वयाने मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही.

घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन, कधी थोडी कलेजी असं वाढवा, आणि पशुवैद्यांकडून कॅल्शियम-जस्ताचं प्रमाण ठरवून घ्या. अंडं शिजवूनच द्या. कच्चा पांढरा बलक नेहमी दिला तर बायोटिन हे जीवनसत्त्व नीट मिळत नाही. रस्सा कधीच नको, त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतात.

करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्वचेचा पाणी अडवणारा थर बांधायला लागतं. सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचं तेल घरात असतंच. घरचं जेवण जेवणाऱ्या लॅबएवढ्या कुत्र्याला दिवसाला एक छोटा चमचा, लहान कुत्र्याला पाव चमचा, तोही चार थेंबांपासून सुरुवात करून. आधी स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल किंवा वजन जास्त असेल तर विचारल्याशिवाय नाही. चांगल्या प्रतीचं तयार खाद्य पूर्ण प्रमाणात खाणाऱ्याला या तेलाची सहसा गरज नसते.

पाण्याचंही बघा. थंडीत कुत्री कमी पितात. पाणी किंचित कोमट करून ठेवलं किंवा जेवणात मीठ-मसाल्याशिवायचं चिकनचं पाणी घातलं तर पोटात जास्त जातं.

माशाच्या तेलाची कॅप्सूल द्यावी का? आम्ही शाकाहारी आहोत, जवस चालेल?

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ मेदाम्लांनी त्वचेची जळजळ कमी व्हायला मदत होते, पण धीर धरावा लागतो, सहा ते आठ आठवडे. पाकिटावर '१००० मिलिग्रॅम फिश ऑइल' लिहिलेलं असतं त्याकडे बघू नका. मागे ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चे उपयोगी प्रकार, किती ते वाचा. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते १८० आणि १२० मिलिग्रॅम असतात, म्हणजे उपयोगाचं फक्त ३०० मिलिग्रॅम. वजनानुसार मात्रा डॉक्टर या आकड्यांवरून काढतात. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं तेल आहे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि ते शरीरात साठून विषबाधा होऊ शकते.

मासे खाणाऱ्या घरात तारली किंवा बांगडा आठवड्यातून एक-दोनदा वाफवून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय दिला तर उत्तमच.

जवसात ओमेगा-३ असतं, पण ते ज्या रूपात असतं त्याचं ईपीए-डीएचए करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही. शाकाहारी घरांना शेवाळापासून केलेलं डीएचए तेल हा बरा मार्ग आहे. आणि जवसाची चटणी देऊ नका, तिच्यात लसूण असतो.

स्वेटर घालावा का?

कारवानीसारख्या पातळ केसांच्या, सडपातळ कुत्र्याला, पिल्लांना, म्हाताऱ्यांना निफाड-नाशिकच्या थंडीत जरूर घाला. आतून सुती अस्तर हवं, लोकर थेट कातडीवर घासली की खाज वाढते. दिवसा काढा, रोज विंचरा, दोन-तीन दिवसांनी धुवा. दाट केसांच्या कुत्र्याला लागत नाही. खोलीत हीटर लावण्यापेक्षा जमिनीपासून उंच, गोधडीचं अंथरूण द्या. फरशीचा गारवा तुटला की त्याला पुरतं.

केस बारीक कापले तर औषध नीट लागेल?

थंडीत चकोट करू नका. रोज पाच मिनिटं विंचरा. त्याने त्वचेतलं नैसर्गिक तेल केसभर पसरतं.

नाक आणि पंजे फुटलेत.

रात्री झोपताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरे, आणि चाटू नये म्हणून दहा मिनिटं त्याच्याशी खेळत बसा. गादीतून रक्त येत असेल, तो लंगडत असेल किंवा नाकाचा काळा रंग जाऊन तिथे फोड-खपल्या येत असतील तर तो कोरडेपणा नाही, डॉक्टरांना दाखवा.

घरात खाजेच्या गोळ्या आणि मलम आहे. तेवढ्यापुरतं वापरू?

मलम नको. मेडिकलच्या दुकानात खाजेसाठी मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि खालचा आजार झाकून जातो. झिंक ऑक्साइडचं मलम चाटल्यास उलट्या होतात. ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि त्यात सर्दीचं दुसरं औषध मिसळलेलं नाही हे बघून. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कधीही नाही.

थंडीत गोचीड-पिसवा नसतात ना?

असतात. आपल्याकडची थंडी त्यांना मारण्याइतकी नसते, आणि त्या आपल्या घरात, अंथरुणात, भिंतीच्या फटीत उबेला असतात. महिन्याचं औषध हिवाळ्यात चुकवू नका. मांजरही असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनयुक्त औषध तिला लागू देऊ नका, त्याने मांजर मरू शकते.

गल्लीतल्या पिल्लांना लूत भरलीय. काय करता येईल?

भटक्या कुत्र्या बऱ्याचदा पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि पिल्लं दिवाळीच्या आगेमागे होतात. त्यामुळे कुपोषण, थंडी आणि लूत हे सगळं त्यांच्या वाट्याला एकदमच येतं. पिल्लाच्या वजनाचा अंदाज आणि फोटो घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा प्राणिमित्र संस्थेकडे जा. बऱ्याचदा खाण्यातून देण्याच्या गोळीने काम होतं, पिल्लाला पकडावंही लागत नाही. मात्र आयव्हरमेक्टिन स्वतःच आणून टोचू नका. फार लहान पिल्लांना आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ते जिवावर बेततं. औषधाबरोबर रोज पोटभर प्रथिनयुक्त खाणं आणि कोरडं पोतं द्या, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

आम्ही अमेरिकेत/कॅनडात राहतो. इथे वेगळं काय?

घरातल्या हीटिंगने हवा फार कोरडी होते, तिथे ह्युमिडिफायरचा खरंच उपयोग आहे. रस्त्यावर बर्फ वितळायला टाकलेलं मीठ पंजांना झोंबतं आणि चाटलं तर पोट बिघडतं, म्हणून फिरून आल्यावर पाय कोमट पाण्यात बुडवून, बोटांमधून पुसून घ्या.

किती दिवसांत फरक पडायला हवा?

कुत्र्याची वरची त्वचा पूर्ण नवी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे अंघोळीची पद्धत आणि आहार बदलून तीन-चार आठवडे द्या. पण हा अवधी फक्त साध्या कोरडेपणाला. टक्कल, रक्त, खपल्या, वास, कान दुखणं, खाजेने झोप उडणं, खाणं सुटणं किंवा घरच्या माणसाला पुळ्या, यातलं काहीही असेल तर आठवडाभरही थांबू नका.

डॉक्टर काय करतील, आणि जाताना काय तयारी करावी?

पात्याने कातडी हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे शोधतील, चिकटपट्टीने नमुना घेऊन यीस्ट-जंतू बघतील, गरज वाटली तर केस बुरशीच्या तपासणीला पाठवतील. खरवडून किडे दिसले नाहीत तरी बरेच डॉक्टर खरजेचा उपचार देऊन बघतात, कारण ते किडे सापडायला अवघड असतात. अन्नाच्या ॲलर्जीचा संशय असेल तर आठ आठवडे एकच ठरावीक खाणं द्यायला सांगतील. त्या काळात आजीने प्रेमाने दिलेला एक बिस्किटाचा तुकडाही सगळं वाया घालवतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. ॲलर्जीच पक्की ठरली तर ऑक्लॅसिटिनिबसारखी गोळी खाज लवकर उतरवते.

मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या आवारात जुनं 'बैलघोडा हॉस्पिटल' आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. रेंगाळलेल्या त्वचारोगासाठी तिथे दाखवण्याचा विचार जरूर करा.

जाताना आधीच्या औषधांची पाकिटं, शाम्पूची बाटली, खाद्याच्या पिशवीचा फोटो आणि तो खाजवतानाचा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा खाजवतच नाही. आणि त्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ घालू नका, काही चोळू नका. धुऊन पुसून नेलेल्या कुत्र्याच्या अंगावर डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.